रस उरला होता, तरी प्लेटा कोरड्या: वायुदाबाने बनवलेल्या संमिश्राचं एक प्रकरण

सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकच्या कणांच्या सांगाड्यात वितळलेल्या अॅल्युमिनियमचा रस वायूच्या दाबाने घुसवून आम्ही प्लेटा बनवतो. साच्यातून अशा आठ प्लेटा निघाल्या तेव्हा वरवर सगळ्या सारख्याच दिसत होत्या. राखाडी, सपाट, काठ शाबूत. वजनकाट्यावर मात्र पाच प्लेटा १४७ ग्रॅमच्या आसपास भरल्या आणि तीन १४१ च्या आसपास. माप एकच, साचा एकच, रस एकच, आणि सहा ग्रॅमचा फरक. एवढं अॅल्युमिनियम आत गेलंच नव्हतं.

या आधी आठेक दिवस आम्ही बेसावध होतो, आणि त्याला कारण घनता मोजायची पद्धत. हवेत वजन, पाण्यात वजन, भागाकार, झाली घनता. या पद्धतीने त्या तीन प्लेटांची घनता दर घन सेंटिमीटरला ३.०३ ग्रॅम आली होती आणि चांगल्या प्लेटांची ३.०१. म्हणजे आजारी प्लेटा कागदावर जास्त तब्येतवान! कोरडा, म्हणजे रस न पोचलेला, भाग प्लेटच्या काठापर्यंत उघडा असेल तर पाणी त्यात शिरतं आणि ती पोकळी मोजमापातून गायब होते. उरतो तो जड सिलिकॉन कार्बाइडचा वाटा जास्त असलेला पदार्थ, म्हणून आकडा उलट वाढतो. लांबी, रुंदी, जाडी मोजून साध्या भागाकाराने घनता काढली तेव्हा त्याच प्लेटा २.८८ वर आल्या. सच्छिद्र वस्तू मेणाचा थर न देता पाण्यात तोलायची नाही, हे आम्हाला तोंडपाठ होतं. पण तयार प्लेट आम्ही सच्छिद्र वस्तू धरतच नव्हतो.

वस्तू आणि पद्धत

प्लेट १४० बाय ७० बाय ५ मिलिमीटरची. तिच्यात आकारमानाने ६३ टक्के सिलिकॉन कार्बाइडचे कण आणि उरलेल्या जागेत १२ टक्के सिलिकॉन असलेलं अॅल्युमिनियम. अशा प्लेटा पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या मॉड्यूलखाली तळ म्हणून बसतात. दर अंश तापमानाला तांबं दशलक्षात १७ भाग प्रसरण पावतं, अॅल्युमिनियम २३, आणि वर जोडलेली अॅल्युमिनाची (अॅल्युमिनियम ऑक्साइडची) चकती जेमतेम ७. गरम-थंड होताना या ओढाताणीत जोड उकलतो. सिलिकॉन कार्बाइड-अॅल्युमिनियम संमिश्र ७ ते ९ च्या दरम्यान राहतं, उष्णताही बरी वाहून नेतं आणि तांब्याच्या एक तृतीयांश वजनाचं असतं.

हे कण वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये ढवळून ६३ टक्क्यांपर्यंत जाता येत नाही. मिश्रण त्याच्या कितीतरी आधी लापशीसारखं घट्ट होतं. म्हणून आधी कणांचा सांगाडा, म्हणजे प्रीफॉर्म, बनवायचा आणि त्याच्या पोकळ्यांत रस घुसवायचा. घुसवायचा म्हणायचं कारण तो आपण होऊन जात नाही. नेहमीच्या ओतकामाच्या तापमानाला अॅल्युमिनियमचा रस सिलिकॉन कार्बाइडला भिजवत नाही. अळवावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन बसतो.

दाब देण्याचे मार्ग दोन. एक म्हणजे दट्ट्याने रेटणं. टोयोटाने १९८३ मध्ये डिझेल इंजिनाच्या पिस्टनमध्ये वरच्या रिंगच्या खाचेपाशी सिरॅमिक तंतूंची कडी अशाच दाब-ओतकामाने बसवली. तिथे दाब शेकडो बारचा असतो (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) आणि साचा तेवढाच भक्कम लागतो. दुसरा मार्ग वायूचा. सगळा साचाच दाबपात्रात ठेवायचा, निर्वात करायचा, रस वितळला की आर्गॉन हा निष्क्रिय वायू सोडायचा. वायू साच्याला चहूबाजूंनी सारखाच दाबतो, त्यामुळे साच्याची भिंत पातळ असली तरी चालते. या पद्धतीची सगळी खुबी एका गोष्टीवर उभी आहे: वितळलेला रसच साच्याच्या तोंडावर बुचासारखा बसतो. बुचाच्या वर आर्गॉन, खाली निर्वात, आणि या फरकामुळे रस पोकळ्यांत ढकलला जातो. बूच फुटलं की आर्गॉन दोन्ही बाजूंना आणि ढकलणारं कोणीच नाही.

आमचा साचा असा. बाहेर १० बाय ६ सेंटिमीटर आतल्या मापाचा स्टीलचा उंच डबा, वर उघडा, आतून बोरॉन नायट्राइडचा लेप. त्यात ग्रॅफाइटची पेटी, पेटीत प्लेटा उभ्या, मध्ये ग्रॅफाइटच्या पत्र्या घट्ट बसवलेल्या. पेटीचं तोंड नरसाळ्यासारखं, त्यातून रस प्लेटांच्या वरच्या कडेला पोचतो आणि खाली उतरतो. पेटी आणि डबा यांच्यात मिलिमीटरभर फट, तिच्यात अॅल्युमिनाची मैद्यासारखी बारीक पूड ठासलेली. पेटीच्या काठाच्या वर रसाचं तळं.

भट्टी ७५० अंशांवर, पात्राचा दाब अर्ध्या मिलिबारच्या खाली, मग तीन मिनिटांत ६० बार आर्गॉन, दोन मिनिटं थांबायचं, आणि दाब तसाच ठेवून डबा पाण्याने गार केलेल्या तांब्याच्या ठोकळ्यावर उतरवायचा, म्हणजे घनीभवन तळापासून वर सरकतं. पूर्वी एका डब्यात सहा प्लेटा असत, उरलेली जागा ग्रॅफाइटच्या फळ्यांनी भरलेली. फळ्या काढून आठ प्लेटा बसवल्या आणि तिथून हे प्रकरण सुरू झालं.

पहिला संशय, आणि तोच सगळ्यांचा

दाब कमी पडला असणार, असं प्रत्येक जण म्हणाला. मीही. लगेच ९० बारवर एक डबा काढला. तीन प्लेटा पुन्हा १४१ ग्रॅमच्या.

आधी हिशेब केला असता तर तो डबा वाचला असता. न भिजवणाऱ्या रसाला सांगाड्यात शिरायला लागणारा किमान दाब रसाच्या पृष्ठताणावर, स्पर्शकोनावर (थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन) आणि कणांच्या बारीकपणावर ठरतो. पृष्ठताण ०.८५ न्यूटन प्रति मीटर, स्पर्शकोन १२७ अंश, कण सरासरी २० मायक्रॉन धरले तर ६३ टक्के भरावाला अडीच-पावणेतीन बार येतात. कण गोल नसून टोकदार असतात, त्याची भर घालून चारेक बार धरा. ६० बार म्हणजे त्याच्या पंधरापट. एवढ्या दाबाला ०.१७ मायक्रॉन त्रिज्येच्या चिंचोळ्या वाटेतूनही रस जातो. ९० बारला ०.११ मायक्रॉन. फरक पडला तर कण एकमेकांना टेकतात त्या कोपऱ्यांत पडेल, आणि तो सहा ग्रॅमचा नक्कीच नसेल.

शिवाय दाब अपुरा असेल तर पोकळ्या सगळीकडे सारख्या विखुरलेल्या दिसायला हव्यात. आम्ही एक प्लेट हिऱ्याच्या चक्रीने उभी कापली. वरचा भाग निर्दोष, घट्ट, चकाकणारा. तळाच्या कडेला लागून अर्धवर्तुळासारखा एक कोरडा डाग. त्यात नखाने खरवडलं की कण सुटत होते. डागाची सीमा कात्रीने कापल्यासारखी. रस तिथपर्यंत व्यवस्थित आला होता आणि तिथे थांबला होता.

दुसरा संशय: तळ थंड होता का

तळाशीच डाग, आणि तळाखालीच गार ठोकळा. रस पोचायच्या आधीच गोठला, हे स्पष्टीकरण दिसायला इतकं नेटकं होतं की एका सहकाऱ्याने तापमान ८०० अंशांवर नेऊन डबा काढला. पुन्हा तेच. पेटीच्या तळातल्या थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीची, नोंद तपासली तर ती दाब देताना ६९० अंश होती आणि हा मिश्रधातू ५७७ ला गोठतो. डबा ठोकळ्यावर टेकतो तोही पाच मिनिटं उशिरा.

पाच मिनिटं पुरेशी होती का, हा प्रश्न मात्र विचारण्यासारखा होता. सच्छिद्र थरातून द्रव किती वेगाने जातो याचा नियम हेन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूच्या गाळणीतल्या पाण्यासाठी मांडला. तोच इथे लागू पडतो. वितळलेलं अॅल्युमिनियम दिसतं जड, पण पाण्याइतकंच पातळ वाहतं. आमच्या कणांच्या मापाला आणि मिनिटाला २० बार या वेगाला रस चारेक बारला शिरायला लागल्यापासून १४ सेंटिमीटरचा सांगाडा अर्ध्या मिनिटात पार करतो, आणि तेव्हा पात्रातला दाब असतो फक्त तेरा बारच्या आसपास.

या आकड्याने मला गप्प केलं. म्हणजे ६० की ९० हा आमचा वाद प्लेटा भरून झाल्यानंतरच्या काळाबद्दल होता. जे काही बिघडत होतं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात.

(जाता जाता: तापमान वाढवणं हा निरुपद्रवी प्रयोग नाही. रसात सिलिकॉन कमी असेल तर अॅल्युमिनियम सिलिकॉन कार्बाइडला खातं आणि अॅल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते दमट हवेत विघटन पावून मिथेन सोडतं आणि प्लेट आतून भुसभुशीत होते. आमच्या मिश्रधातूत १२ टक्के सिलिकॉन होतं म्हणून ८०० अंश निभावले. ७ टक्क्यांचा असता तर एक दुखणं काढताना दुसरं लावून घेतलं असतं.)

वायू कोणाचा

डाग कोरडा आहे म्हणजे तिथे वायू होता. कोणता, हा खरा प्रश्न.

तीन प्लेटांतली मिळून कोरडी पोकळी ७ घन सेंटिमीटर. आठ प्लेटांतली एकूण पोकळी १४५. वायू ६० बारला ७ घन सेंटिमीटर व्यापत असेल तर तोच वायू सुरुवातीला सगळ्या पोकळ्यांत पसरलेला असताना २.९ बारचा असायला हवा. निर्वातमापी तर अर्धा मिलिबार दाखवत होता, म्हणजे जवळपास सहा हजारपट कमी. तेव्हा निर्वात करताना मागे राहिलेली हवा हा खुलासा बाद.

मी इथेच म्हणून मोकळा झालो की आतून निघालेला वायूही असू शकत नाही, तीन बार म्हणजे थट्टा नाही. सहकाऱ्याने कागद ओढून घेतला. ७५० अंशांना १४५ घन सेंटिमीटर जागेत २.९ बार म्हणजे जेमतेम एका मोलचा (रसायनशास्त्रातलं रेणू मोजायचं एकक) दोनशेवा भाग. पाण्याच्या भाषेत ०.०९ ग्रॅम. आठ प्लेटा आणि मूठभर अॅल्युमिनाची पूड मिळून इतका ओलावा सहज धरून ठेवतात. रस वितळून बूच बसलं की पंपाला आतलं काही ओढता येत नाही, आणि त्यानंतर सुटलेली वाफ अडकून राहते. माझा ‘असू शकत नाही’ एका ओळीत उडाला.

मग निवाडा करायचा कशाने? उत्तर आमच्याकडे आधीच पडून होतं, त्या वाया गेलेल्या ९० बारच्या डब्यात. अडकलेला वायू ठराविक असेल तर दाब दीडपट केल्यावर डाग दोन तृतीयांश व्हायला हवा. प्रत्येक आजारी प्लेटमागे ०.८ घन सेंटिमीटर जास्त रस, म्हणजे दोन ग्रॅमहून अधिक वजन. आमचा काटा शतांश ग्रॅम दाखवतो. प्लेटा १४१ वरून हलल्याच नव्हत्या. दाब वाढला तसा आतल्या वायूचा दाबही तेवढाच वाढला होता. असं फक्त एकच वायू करू शकतो: जो बाहेरून येत राहतो. आर्गॉनच आत शिरत होता.

डागाची जागाही हेच सांगत होती. वायू आतच अडकला असता तर रसाने चहूबाजूंनी घेरलेलं बेट दिसलं असतं. आमचे डाग तळाच्या कडेला उघडे होते, नेमके पेटीच्या तळाच्या सांध्यापाशी.

बूच

पण बूच तर होतं. प्रत्येक डब्यात, गार झाल्यावर, नरसाळ्यात धातूचा जाड गड्डा उरलेला असे. रस कमी पडला का, ही शंका पहिल्याच दिवशी निघाली होती आणि तो गड्डा दाखवून मीच ती मोडीत काढली होती. रस उरला, म्हणजे पुरला.

डबे साफ करणाऱ्या सहकाऱ्याने सहज विचारलं, हल्ली पूड मोकळी का निघते? सहा प्लेटांच्या दिवसांत फटीतली वरची दोन-तीन बोटं पूड धातू मुरून दगडासारखी व्हायची आणि छिन्नीने फोडावी लागायची. आठ प्लेटांच्या डब्यांतून ती उलटं केल्यावर पिठासारखी गळून पडत होती. काम हलकं झालं म्हणून तो खूशच होता.

मैद्यासारख्या एक मायक्रॉनच्या पुडीत रस शिरायला तीसेक बार लागतात. पात्रात तीस बार यायच्या वेळी काठावर रस असेल तर पूड भिजते. पूड कोरडी होती, म्हणजे तेव्हा काठावर रस नव्हता.

मग पातळी मोजली. वितळल्यावर रसाची पातळी पेटीच्या काठाच्या २.३ सेंटिमीटर वर येत होती. डब्याचा छेद ६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे काठाच्या वर १३८ घन सेंटिमीटर रस. सहा प्लेटा १०९ पितात. प्लेटा भरल्यावरही काठ अर्धा सेंटिमीटर रसाखाली राहतो, फटीचं तोंड झाकलेलं, आर्गॉनला वाट नाही. आठ प्लेटांना १४५ हवेत. १३८ पिऊन झाले की काठ उघडा पडतो. नरसाळ्यात अजून भरपूर रस असतो, पण आर्गॉन पुडीतून आणि पेटीच्या सांध्यांतून, शिवाय सच्छिद्र ग्रॅफाइटमधूनही, थेट प्लेटांच्या तळाशी पोचतो. वरचा-खालचा दाब सारखा होतो आणि रस जिथे आहे तिथे थांबतो. १४५ वजा १३८ म्हणजे ७ घन सेंटिमीटर. तीन प्लेटांतली कोरडी पोकळी तेवढीच होती. हिशेब इतका तंतोतंत जुळणं संशयास्पद वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी पातळी पुन्हा मोजली. मिलिमीटरभर इकडेतिकडे, पण तीच.

तीनच प्लेटा का? सगळ्या एकाच वेगाने पीत नाहीत. नरसाळ्याच्या तोंडाखालच्या पाच आधी भरून घेत होत्या आणि कडेच्या तीन मागे पडत होत्या. टंचाई आली ती त्यांच्या वाट्याला.

काय बदललं

पेटीचा काठ खाली घ्यावा असं एक मत होतं. पण त्यासाठी नवी पेटी कातावी लागली असती आणि नरसाळं उथळ झालं असतं. आम्ही सोपा मार्ग घेतला: प्रत्येक डब्याला शंभर ग्रॅम मिश्रधातू जास्त. वितळल्यावर तो सुमारे ४२ घन सेंटिमीटर होतो, पातळी सात मिलिमीटर वर चढते आणि आठही प्लेटा भरल्यावर काठ पुन्हा अर्ध्या सेंटिमीटरहून थोडा जास्त झाकलेला राहतो. दाब ६० बारवरच ठेवला, तापमान ७५० वर परत आणलं.

पहिल्या डब्यातल्या आठही प्लेटा १४७ च्या आगेमागे एका ग्रॅमच्या आत आल्या. पूड दगड झालेली होती आणि छिन्नी परत बाहेर निघाली. एका प्लेटच्या वरच्या कडेला, नरसाळ्याच्या तोंडाशी, टाचणीच्या टोकाएवढ्या चार-पाच पोकळ्या दिसल्या. वेड्यावाकड्या, फांद्या फुटल्यासारख्या कडांच्या. त्या आर्गॉनच्या नव्हत्या. तळं मोठं झाल्यामुळे ते आता जास्त वेळ द्रव राहत होतं आणि आम्ही दाब जुन्याच घड्याळावर सोडत होतो. गोठताना धातू आकसतो, त्याची भरपाई वरच्या तळ्यातून दाबाखालीच व्हावी लागते. तळ्यात एक थर्मोकपल बुडवलं आणि ते ५५० च्या खाली आल्याशिवाय झडप उघडायची नाही असं ठरलं. पुढच्या डब्यात त्याही पोकळ्या नव्हत्या.

डब्याच्या आतल्या भिंतीवर पेटीच्या काठाच्या उंचीला आता एक रेघ कोरलेली आहे. गार झालेल्या डब्यात धातूचा माथा त्या रेघेच्या वर आहे की खाली, हे प्लेटा काढायच्या आधी पाहून वहीत लिहिलं जातं. गड्डा किती जाड उरला, तो रकाना खोडला.